इंजिन खोलण्याआधी

आज मी जुन्या हार्वेस्टरबद्दल बोलणार आहे. यंत्राचं बघायला ड्रायव्हर आहे, मिस्त्री आहे, आपलं काय काम, असं म्हणू नका. कर्जाच्या कागदावर सह्या आपल्याच असतात.

आमच्या गटाने वापरलेलं हार्वेस्टर घेतलं. गेल्या सोयाबीनच्या सुगीत ते दम सोडायला लागलं. सकाळी झकास चालायचं, तासाभराने इंजिन बसायचं. मिस्त्री म्हणाले, "इंजिन खोलावं लागेल, दीड लाख धरून चाला." वर आभाळ भरलेलं, रानात शेंगा तडकायला आलेल्या आणि बँकेचा हप्ता तोंडावर. बैठकीत सगळ्या गप्प. तेवढ्यात डिझेलचे कॅन पोचवणाऱ्या आमच्या मावशी म्हणाल्या, "इंजिन म्हातारं झालं असतं तर सकाळीही दमलं असतं. थोडं थांबलं की पुन्हा बरं चालतं, ते कसं?"

प्रश्न बरोबर होता. दुसऱ्या दिवशी इंजिन बसल्याबरोबर ड्रायव्हरदादांनी डिझेल टाकीचं टोपण सैल केलं. फुस्स करून हवा आत गेली आणि पाचेक मिनिटांत इंजिन पूर्ववत झालं. मूळ टोपण हरवलं होतं, म्हणून कुणीतरी रबर लावून दुसरं घट्ट बसवलं होतं. टाकीतून डिझेल जातं तेवढी हवा आत यावी लागते. ती येत नसेल, तर पंपाला डिझेल ओढता येत नाही. थांबल्यावर हळूहळू हवा शिरते, म्हणून पुन्हा बरं वाटतं. हवेची वाट असलेलं टोपण आणलं, काम झालं.

त्या दिवसापासून आम्ही तपासणीचा क्रम वहीत लिहून ठेवला आहे. आधी फुकटचं बघायचं, मग स्वस्तातलं, शेवटी खर्चाचं.

पहिलं, मंदावतंय कोण? इंजिन की नुसता ड्रम? फेऱ्यांच्या मीटरचा काटा जागेवर आहे, पण ड्रम मंदावतो, तर दोष पट्ट्यात आहे. पट्टा सैल असेल, घासला असेल. तिथे इंजिनवर खर्च करून उपयोग नाही. मीटर बंद असेल तर ते आधी दुरुस्त करा.

दुसरं, यंत्र उभं ठेवून, भार न देता पूर्ण रेस द्या. पुस्तकात दिलेले फेरे मिळतात का? नसतील, तर इंजिन बंद करून एकीने रेसचा दांडा पूर्ण ओढावा, दुसरीने पंपाजवळचा दांडा शेवटपर्यंत जातो का ते पाहावं. जुन्या यंत्रात केबल ताणलेली असते. मात्र पंपाच्या सीलबंद स्क्रूला हात लावू नका.

तिसरं, बिनभाराचे फेरे ठीक, पण पिकात शिरताच पडतात. मग धूर बघा. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा भार जास्त होतो. एअर क्लीनर आणि त्याची जाळी भुश्शाने भरली आहे का ते पाहा. टर्बो असेल तर त्याचे रबरी पाइप फाटलेत का तेही बघा. धूर फारसा नाही आणि दमही नाही, तर डिझेल पोचत नाही: फिल्टर, पाणी साठण्याची वाटी, टाकीचं टोपण, नळीतून शिरणारी हवा. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत असेल, किंवा निळा धूर म्हणजे ऑइल जळत असेल, तर मिस्त्रींना बोलवाच. तिथे आपण हात घालायचा नाही.

आणखी एक सवय मोडायची आहे. सोयाबीनची डाळ होते म्हणून काही जण रेस कमी करतात. तसं केलं की पंखा आणि चाळणीही मंदावतात, दाणे भुश्शाबरोबर बाहेर जातात. रेस पूर्णच ठेवावी; ड्रमचा वेग त्याच्या वेगळ्या व्यवस्थेने कमी करावा. पीक दाट असेल तर गाडी हळू चालवावी.

आणि बायांनो, झाकण उघडण्याआधी इंजिन बंद, किल्ली आपल्या हातात. सगळं फिरायचं थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही. चालू इंजिनच्या नोझलच्या नळीवर गळती बघायला बोट लावायचं नाही. तिथलं डिझेल कातडीत घुसतं.

आमचे मिस्त्री वाईट नाहीत. त्यांना आम्ही नुसतं "दम नाही" एवढंच सांगितलं होतं. आता वहीतून वाचून सांगतो: कधी बसतं, भार असताना की नसताना, काटा किती, धूर कसला. तेही आता आधी वही मागतात, मग पाना काढतात.

तुमच्या गटाचं यंत्र असेल तर अशी एक वही आजच घाला.