मुंबईत भाड्याचं घर शोधताना

मुंबईत नोकरी लागली की पुढचा प्रश्न असतो, राहायचं कुठं? भाड्याच्या आकड्याआधी ऑफिसजवळचं स्टेशन पाहा. या शहरात अंतर मोजलं जातं ते वेळात आणि गाड्या किती बदलाव्या लागतात त्यावर.

ऑफिस अंधेरीला असेल, तर पश्चिम रेल्वेवरचं बोरिवली किंवा मेट्रोने जोडलेलं घाटकोपर सोयीचं. काम ऐरोली-घणसोलीला असेल, तर ठाण्याहून थेट ट्रान्स-हार्बर लोकल मिळते. डोंबिवलीकरांना मात्र ठाण्याला गाडी बदलावी लागते. वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

घर पक्कं करण्याआधी हा प्रवास ऐन गर्दीच्या वेळी एकदा करून पाहा. 'स्टेशनपासून दहा मिनिटं' म्हणजे चालत की रिक्षाने, ते विचारा. पाणी किती वाजता येतं, पावसाळ्यात रस्ता तुंबतो का, याची खरी उत्तरं वॉचमन आणि कोपऱ्यावरचा वाणी देतात.

हिशेबात भाड्यासोबत डिपॉझिट, दलाली आणि रेल्वेचा पासही धरा. करार बहुधा 11 महिन्यांचा, 'लीव्ह अँड लायसन्स'चा असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते आणि ती ऑनलाइनही करता येते. तेव्हा डिपॉझिट देण्यापूर्वी कराराचा मसुदा वाचा, पैसे बँकेमार्फतच द्या आणि नोंदणी झालेल्या कराराची प्रत मागून घ्या.