लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात : रणांगण आणि घर
(कोल्हापूर येथे दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीचे नाव या सभागृहात कुणालाही नवे नाही. ज्या जिल्ह्यात गावाच्या नावातच सैनिक आहे, त्या जिल्ह्याने लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात यांना विसरावे, हे मला पटत नाही. त्यांचा जन्म १९०६ सालचा, वडगावचा. सँडहर्स्टहून १९२६ मध्ये ते अधिकारी होऊन बाहेर पडले.

ब्रह्मदेशात, आराकानच्या कांगॉ येथील लढाईत जानेवारी १९४५ मध्ये एका ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे नेतृत्व भारतीयांकडे होते. थिमय्या, सेन आणि आपले थोरात. तिघांनाही डी.एस.ओ. हा सन्मान मिळाला. भारतीयांना नेतृत्व जमत नाही, ही राज्यकर्त्यांची समजूत त्या डोंगरावर गाडली गेली, असे मी मानतो.

पण माणूस खरा कळतो तो कोरियात. युद्धविरामानंतर १९५३ मध्ये मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांचा सांभाळ भारतीय दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख थोरात होते. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला छावणीत ओलीस धरले. बळाचा वापर करावा, तर मेजरचे प्राण जाणार आणि शेकडो कैदीही मरणार. गप्प बसावे, तर दलाचा वचक संपणार. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह निःशस्त्र आत गेले. संतप्त जमावाने त्यांना वेढले. ते शांतपणे बोलत राहिले, त्यांनी सिगारेट मागितली. पाहुण्याला विडी-तंबाखू देणे हा तिकडचाही रिवाज. ताण सैल झाला आणि मेजर सुखरूप बाहेर आले. आपल्या माणसासाठी स्वतः जाण्याची ही वृत्ती मला घरातल्या कर्त्या पुरुषाची वाटते. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग दोन हा सन्मान लाभला.

आता दुखरा भाग. पूर्व विभागाचे सेनापती असताना १९५९ मध्ये त्यांनी ईशान्य सीमेच्या संरक्षणाची योजना सादर केली. मार्च १९६० मध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ हा सराव घेऊन चिनी सैन्य कसे येईल, हेही दाखविले. थेट सीमेवर विखरून बसण्यापेक्षा, जेथे आपली रसद पोहोचते आणि शत्रूची लांबते, तेथे ठामपणे लढावे, हे त्यामागचे सूत्र. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ती भीती अनाठायी वाटली. योजना पंतप्रधानांपर्यंत पोहोचलीच नाही. सरसेनापती थिमय्यांनी आपल्या जागी थोरातांचे नाव सुचविले होते. नेमणूक दुसऱ्याची झाली. मे १९६१ मध्ये दोघेही निवृत्त झाले आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये जे घडले, ते आपण जाणतोच. पराभवानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले, तेव्हा ती योजना त्यांना प्रथमच कळली.

असा घाव घेऊन परतलेला माणूस घरात कडवट होऊ शकतो. माझ्या माता-भगिनींना हे सांगायला नको. बाहेरच्या अपमानाची किंमत घरच्या माणसांना मोजावी लागते. थोरात मात्र राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर काम करते झाले, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले आणि मग कोल्हापुरातच स्थिरावले. सरहद्द, आराकान, कोरिया अशा ठिकाणी सैनिकाला बायकामुले बरोबर नेता येत नाहीत. आयुष्याची ती थकबाकी त्यांनी याच मातीत फेडली. मेनन प्रकरणाविषयीही त्यांनी सविस्तर लिहिले ते आत्मचरित्रात. ते प्रसिद्ध झाले १९८६ मध्ये, निवृत्तीनंतर पाव शतकाने.

पुत्र यशवंत थोरात यांनी गणवेशाऐवजी रिझर्व्ह बँकेची वाट धरली व पुढे ‘नाबार्ड’चे अध्यक्षपद भूषविले, स्नुषा उषाताई २००५ ते २०१० या काळात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर होत्या. जनरलसाहेबांनी मात्र हे पाहिले नाही. ऑगस्ट १९९२ मध्ये कोल्हापुरातच त्यांचे देहावसान झाले.