नाकातील न भरणारी जखम



नाक चोंदले की आपण वाफ घेतो व विसरून जातो. परंतु एकच नाकपुडी महिनोन्महिने बंद राहणे, वारंवार रक्त येणे, नाकात वा टाळूवर न भरणारी जखम, कातडीवर गाठी किंवा व्रण, ही 'एन.के./टी-पेशी लिम्फोमा' या दुर्मिळ कर्करोगाची लक्षणे असू शकतात. चीन, जपान, कोरियात तो अधिक आढळतो, आपल्याकडे क्वचितच.

या रोगपेशींत एपस्टाइन-बार विषाणू सापडतो. १९६४ साली शोध लागलेला हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या शरीरात आयुष्यभर सुप्त असतो. हा कर्करोग होतो मात्र अगदी थोड्यांना, आणि तो स्पर्शाने पसरत नाही. म्हणून चेहऱ्यावरील व्रण पाहून रुग्णाचा विटाळ मानणे, हा आम्ही अन्यायच समजतो.

निदान तुकडा तपासूनच होते. वरचा मृत भागच हाती आला तर निष्कर्ष निघत नाही. अशा वेळी पुन्हा तपासणी करण्यास कचरू नये. रोग नाकापुरता असताना किरणोपचार व योग्य औषधे मिळाल्यास अनेक रुग्ण बरे होतात. पसरल्यावर काम अवघड होते.

तेव्हा आपण एवढेच ठरवू या: न भरणारी जखम लपवायची नाही आणि रुग्णाला एकटे सोडायचे नाही.