एका ‘पण’चीं चार रूपें

बुलढाणा जिल्ह्यांत, जळगांव जामोद तालुक्यांत, भेंडवळ नांवाचें गांव आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळीं तेथील शेतांत घट मांडतात. भोंवतीं अठरा धान्यें, मध्यें खड्ड्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचीं चार ढेकळें व त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशीं पहाटे त्यांची स्थिति पाहून भाकीत सांगतात. अंधश्रद्धेच्या विरोधकांना हें मान्य नाहीं. तो वाद निराळा. परंतु “पाऊस बरा, पण—” एवढें कानीं पडलें, कीं कपाशी पेरणाऱ्याच्या पोटांत गोळा उठतो!

हा ‘पण’ उभयान्वयी. संस्कृत ‘पुनः’पासून झिजत आलेला. “बियाणें आणलें, खत पण आणा,” यांतील ‘पण’ मात्र ‘सुद्धां’च्या अर्थाचा आणि शब्दाच्या पाठीशीं उभा राहणारा. वऱ्हाडच्या खेड्यांत त्याच्या जागीं ‘बी’ येतो, आणि घोटाळा आपोआप टळतो. सीतास्वयंवरांतील धनुर्भंगाचा ‘पण’ हें नाम; तें संस्कृतांतून जसेंच्या तसें आलें. ‘शहाणपण’, ‘मोठेपण’ यांतला तर स्वतंत्र शब्दच नव्हे, प्रत्यय आहे. त्याचा पूर्वज वैदिक ‘त्वन’. त्यांतही गंमत अशी, कीं मोठेपण ‘मिळतें’ आणि मोठेपणा ‘मिरवला जातो’. एका कान्यानें नपुंसकलिंगाचें पुल्लिंग होतें.

घटाजवळ उभ्या असलेल्या माणसाला ही व्युत्पत्ति ठाऊक नसते. “वारा येईल, पाऊस पण येईल” आणि “वारा येईल पण पाऊस नाहीं” यांतला भेद मात्र तो अचूक ओळखतो. गर्दींत मागें राहिलेला पुढच्याला विचारतो, “पण कुठं म्हटलं, पावसाच्या आधीं कीं नंतर?”