मतांगीकार आणि पवित्र शास्त्र : पंडिता रमाबाईंचा वाद

इच्छापोरहून उत्तरेस अंकलेश्वर आणि दक्षिणेस वलसाड ही गावे फार दूर नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या टापूत अमेरिकेतील ब्रदरेन मंडळीचे मिशनरी आले. नव्या कराराखेरीज दुसरा मतांगीकार नाही, ही त्या मंडळीची जुनी भूमिका. मतांगीकार म्हणजे चर्चने ठरावीक शब्दांत बांधलेले आणि उपासनेत सर्वांनी मिळून म्हणावयाचे श्रद्धेचे निवेदन. त्याला शास्त्राइतका अधिकार आहे काय, हा प्रश्न महाराष्ट्राच्या एका विदुषीने त्याआधी सुमारे दहा वर्षे इंग्लंडात विचारला होता.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज येथे झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत असताना, 1885 साली, वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद जुंपला. परक्या देशात आसरा देणाऱ्या याच भगिनी. जेराल्डीनबाईंना रमाबाई ममतेने ‘आजीबाई’ म्हणत. तेव्हा हा वाद करणे किती जड गेले असेल! मुलगी मनोरमा हिला धर्माचे काय शिकवावे, हाही त्यात प्रश्न होताच.

वादाचे केंद्र होते अथनेशियसच्या नावाचा मतांगीकार. हे निवेदन अथनेशियसचे नव्हे, त्याच्यानंतर लॅटिनमध्ये रचले गेले, असे आता अभ्यासक मानतात. त्रैक्याची काटेकोर मांडणी करून, ती न मानणाऱ्याचे तारण नाही, असे ते बजावते. येशूने असे कोठे शिकविले, असा रमाबाईंचा सवाल होता. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर चर्चच्या धर्मगुरूंचे दुसरे जोखड मानेवर घेण्यास त्या तयार नव्हत्या. गळ्यातील क्रुसावरचा लेख लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नको, हेही त्यांनी विचारले.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्येला हा प्रश्न नवा नव्हता. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती प्रमाण, हा मीमांसेचा दंडक. मात्र विरोध नसेल तर स्मृतीमागे श्रुतीचा आधार आहे असे अनुमान करावे, असेही मीमांसक सांगतात. आणि चर्चचा युक्तिवाद नेमका याच वळणाचा होता. इ. स. 325 च्या नायसिया परिषदेने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ आहे असे म्हटले. तो शब्द बायबलात नाही. अर्थ मात्र आहे, असे चर्च म्हणते. अँग्लिकन चर्चच्या 39 कलमांतही तिन्ही मतांगीकार मान्य केले आहेत ते शास्त्राने सिद्ध होतात म्हणूनच. मग सिद्ध झाले की नाही, हे ठरवावे कोणी? चर्चने, असे जेराल्डीनबाईंचे म्हणणे. वाचणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीने, असे रमाबाईंचे.

जेराल्डीनबाईंची बाजू अगदीच लंगडी म्हणता येणार नाही. नव्या करारात कोणते ग्रंथ घ्यावयाचे, हे शेवटी चर्चच्या परंपरेनेच ठरले. शास्त्र परंपरेच्या हातूनच वाचकापर्यंत येते. पण बुद्धीला न पटलेले शब्द आश्रयदात्यांच्या भिडेखातर न उच्चारणे, हे रमाबाईंचे तेज त्या पत्रांतून आजही जाणवते. पुढे त्यांनी त्रैक्य मानले, तेही स्वतःच्या वाचनातून आणि अनुभवातून.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्यांचे मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. ब्रदरेनही त्यात होते. त्या वेळी प्रेषितांचा आणि नायसियाचा असे दोन मतांगीकार श्रद्धेचे साक्षी व रक्षक म्हणून स्वीकारले गेले. ज्यावरून 1885 साली एवढा वाद झाला, तो तिसरा त्यात नाही.

रमाबाईंनी अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्यात घालविली. संस्कृत पंडितेने मुद्दाम साधी, खेड्यातील बायकांना कळेल अशी मराठी योजली. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या. 1924 साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून ते संपूर्ण बायबल बाहेर पडले. खिळे जुळविणारे हात तेथील स्त्रियांचे होते.