मान वळवली की घर फिरतं

मागच्या महिन्यात बचतीचे पैसे मोजताना आमच्या गटातली एक मावशी म्हणाली, "डावीकडं मान वळवली की घर फिरतं गं, एकाचे दोन दिसतात." बाकीच्या म्हणाल्या, चतुर्थीचा उपवास होता ना, पित्त असेल. मीही तेच म्हणाले, खोटं कशाला बोलू! पण उपवास सुटला तरी चक्कर सुटेना. मान सरळ केली की थांबायची, वळवली की पुन्हा सुरू.

शेजारच्या गावात झटका देऊन मान 'बसवणारा' एकजण आहे. मावशी तिकडंच निघाली होती. मी तिला दवाखान्यात नेलं. तिथून पुढं पाठवलं, रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. तेव्हा कळलं, मान वळवली की तिची एक रक्तवाहिनी दबते.

मेंदूला रक्त नेणाऱ्या चार मोठ्या वाहिन्या मानेतून जातात. दोन पुढून, ज्यांचा ठोका गळ्याला बोट लावलं की लागतो. दोन मागून, मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून दोरा ओवावा तशा वर चढतात. त्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देतात. तोल, नजर, बोलणं, गिळणं यांचा कारभार तिथं चालतो. एक दबली तर सहसा दुसरी भागवून नेते. मावशीची दुसरी मुळातच बारीक होती.

घाबरू नका, बहुतेक चक्कर कानाच्या दोषानं, रक्त कमी असल्यानं किंवा बीपीमुळं येते. कशानं येते ते डॉक्टरांना ठरवू द्या. पण मानेला झटका देऊ देऊ नका. घरच्या पुरुषांनाही सांगा, दाढीनंतर मान कडकड मोडून घेतात ते! झटक्यानं वाहिनीचं आतलं अस्तर फाटू शकतं. १९९३ साली अमेरिकेतल्या एका डॉक्टरांनी पार्लरच्या बेसिनवर मान मागं टाकून केस धुतल्यावर लकवा झालेल्या बायकांबद्दल लिहिलं होतं.

अचानक तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हातपाय लुळा पडला, तोल गेला तर लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. त्रास किती वाजता सुरू झाला, ते लक्षात ठेवा.

मावशीच्या डोक्यावरचा हंडा आता सुटलाय. मागून हाक मारली तर मान नाही, सगळं अंगच वळवते. आम्ही म्हणतो, नवरी आली! मंगळवारी अकरा वाजता अंगणवाडीत आशाताई बीपी मोजणार आहेत. सासूबाईंनाही घेऊन या.