अंगाला बसेल, मनाला रुचेल असा नमुना

(कासा येथे शिवणवर्गाच्या विद्यार्थिनी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण. वक्ते : सहशिक्षक, बी. ए., बी. एड.)



माझ्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले मी पाहिले. भाषा आणि इतिहास शिकविणारा मास्तर शिवणाच्या नमुन्यांवर बोलणार, हे थोडे नवलाचेच आहे. परंतु आपल्या बाजारपेठेत मशीनवर पुरुष बसलेला असला तर कोणी हसत नाही. हजरत इद्रीस अलैहिस्सलाम यांनी सुई हाती घेऊन प्रथम वस्त्र शिवले, अशी आपल्याकडील परंपरा सांगते. संत नामदेव महाराज शिंप्याच्या घरी जन्मले. तेव्हा सुई-दोरा हे केवळ मुलींचे काम, असे समजण्याचे कारण नाही. येथे बसलेल्या मुलांनीही हे भाषण आपल्यासाठीच आहे असे समजावे.

मी शिक्षक या नात्याने बोलतो आहे, त्यालाही कारण आहे. आठवी-नववीच्या वर्गात एखादी हुशार मुलगी एकाएकी फळ्यापाशी येण्याचे टाळू लागते. उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. दप्तर पाठीवर न घेता छातीशी धरून चालते. आपण म्हणतो, मुलगी लाजाळू झाली, अभ्यासातून लक्ष उडाले. पुष्कळदा कारण अगदी साधे असते. जूनमध्ये शिवलेला कमीज दिवाळीपर्यंत मुंढ्यात आणि छातीत आवळू लागलेला असतो. हात वर केला की शिवण ताणते, आणि सर्वजण आपल्याकडेच पाहात आहेत असे तिला वाटते. याहून वाईट म्हणजे, कपडा बसत नाही याचा दोष ती कपड्याला देत नाही, स्वतःच्या अंगाला देते. "माझे खांदेच वाईट", "मी जाडच आहे", असे शब्द तिच्या तोंडी येतात. आज मला एवढेच पटवून द्यावयाचे आहे की, दोष नमुन्याच्या निवडीत असतो, मुलीच्या अंगात नसतो. आणि नमुना निवडणे ही शिकण्यासारखी विद्या आहे.

नमुना म्हणजे काय, हे प्रथम पाहू. मापावरून कपड्याचे भाग कागदावर आखणे म्हणजे ड्राफ्टिंग, आणि तो कागद कापून तयार होणारा खाका म्हणजे नमुना. ही कागदी विद्या फार जुनी नाही. आपल्याकडील कळीदार कुर्ता घ्या. पुढे-मागे सरळ पट्टे, बाजूंना त्रिकोणी कळ्या आणि काखेत चौबगला नावाचा लहानसा चौकोन, एवढ्यावर तो उभा राहतो. त्यात कापड जवळजवळ वाया जात नाही. चौबगल्यामुळे हात मोकळा वर जातो आणि कळ्यांमुळे चालताना पाय अडत नाही. हा कपडा एकाच अंगाच्या मापाला बांधलेला नसतो, म्हणूनच तो पिढ्यान् पिढ्या टिकला.

पुढे शिवणयंत्र आले. एलियास होव यांना १८४६ मध्ये आणि आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. घरोघरी शिवण शक्य झाले, पण कापावे कसे हा प्रश्न उरला. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्याने निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकावयास काढले. त्यापूर्वी छापील नमुना मिळाला तरी तो एकाच मापाचा असे आणि आपल्या अंगाला बसविण्याची कसरत घरच्या बाईला करावी लागे. महाराष्ट्रात झारापकर पद्धतीच्या पुस्तकावरून ड्राफ्टिंग शिकलेल्या कितीतरी भगिनी आहेत. आता तर मोबाईलवर बोट फिरविले की जगभरचे नमुने समोर येतात. पूर्वी नमुना मिळत नसे, आता शेकडोंतून निवडावा कोणता हेच कळेनासे झाले आहे.

एकच माप सर्वांना लावले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या राज्यानेच पाहिले आहे. २०२४-२५ या वर्षी सरकारी योजनेतील शालेय गणवेशाचे कापड राज्य पातळीवरून घेऊन शिलाईचे काम बचत गटांकडे देण्यात आले. अनेक ठिकाणी गणवेश उशिरा मिळाले, मापात बसले नाहीत, अशा तक्रारी आल्या. आणि २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपविण्याचा निर्णय झाला. बचत गटांच्या भगिनींचे हात वाईट होते असे कोणी म्हणू नये. ज्या मुलाला कपडा घालावयाचा तो समोर उभा नसेल, तर उत्तम कारागीरही काय करणार? तयार कपड्यांवरील एस, एम, एल या अक्षरांचीही तीच गत आहे. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा निघतो. भारतीय अंगमापांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने 'इंडियासाईझ' हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतील २५,००० लोकांची मापे यंत्राने घेण्याची ती योजना. तो तक्ता उपयोगी पडेलच, परंतु आपल्या घरातील मुलीचे माप घेण्यास कोणत्याही यंत्राची गरज नाही. ६० इंची टेप पुरे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. माप स्वतःचे स्वतः घेऊ नये; आईने, आपाने किंवा मैत्रिणीने घ्यावे. अंगात पातळ कपडा असावा. नेहमीसारखे उभे राहावे. माप घेताना श्वास रोखून पोट आत ओढले तर कपडाही श्वास रोखूनच घालावा लागेल. टेपखाली एक बोट राहील इतकी ती सैल धरावी. तीरा, वरची छाती म्हणजे काखेलगतचा घेर, छाती, कंबर, सीट, मुंढा, दंडघेर, बाहीची लांबी आणि मानेच्या हाडापासून कंबरेपर्यंत पाठीची लांबी, ही मापे तारखेसह वहीत लिहावीत. वयात येणाऱ्या मुलामुलींची मापे वर्षातून दोनदा तरी घ्यावीत.

नमुन्यावर पुष्कळ मापे दिलेली असतात. त्यांतले कोणते प्रमाण मानावे? वरच्या अंगाच्या कपड्यासाठी तीरा आणि वरची छाती पाहावी. सलवार, पायजमा, घागरा यांसाठी सीट पाहावी. कंबरेवरून नमुना कधी निवडू नये. कारण सरळ आहे : कंबर टक्स घालून किंवा बाजूची शिवण सरकवून पाच मिनिटांत बदलता येते, परंतु खांदा आणि मुंढा एकदा चुकला की चांगला कारागीरही डोक्याला हात लावतो. ज्यांची छाती भरलेली आहे, त्यांनी मोठ्या मापाचा नमुना घेतला तर खांदे लोंबतात. त्यांनी खांद्याच्या मापाचा नमुना घेऊन पुढच्या भागात छातीला जागा वाढवावी आणि टक्स खोल घ्यावा. दुसरी गोष्ट, नमुन्यावरील आकडा अंगाचा आहे की तयार कपड्याचा, हे आधी वाचावे. अंगाची छाती ३२ इंच असेल तर रोजच्या कमीजला ३ ते ४ इंच सैलपणा लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट आणि उन्हाळ्यात घामाच्या धारा. तेव्हा फोटोतला घट्ट कमीज कितीही सुंदर दिसला तरी चारोटीहून बसने उभ्याने येणाऱ्या मुलीच्या तो उपयोगाचा नाही. तिसरी गोष्ट, शिवणीचे मार्जिन खाक्यात धरले आहे की बाहेर सोडावयाचे आहे, आणि माप इंचाचे आहे की सेंटिमीटरचे, हे पाहिल्यावाचून कात्री हाती घेऊ नये.

अंगाची ठेवण कशी ओळखावी? त्यासाठी आपल्या डहाणू तालुक्याइतकी सोय दुसरीकडे नाही. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळे जगभर गेलेली वारली चित्रकला आपण लहानपणापासून भिंतींवर पाहतो. त्यातला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. आरशासमोर उभे राहून स्वतःला एवढेच विचारा : माझा वरचा त्रिकोण मोठा, की खालचा, की दोन्ही सारखे, की मधले टोक दिसतच नाही? चारही उत्तरे बरोबर आहेत. या परीक्षेत कोणी नापास होत नाही.

खालचा त्रिकोण मोठा असेल, म्हणजे सीट रुंद आणि खांदे अरुंद असतील, तर कंबरेखाली कळ्या असलेला किंवा ए-आकाराचा कमीज घ्यावा. सरळ कमीज चढविताना सीटवर अडकतो आणि बाजूचे चाक उघडे पडतात. गळ्याजवळ, योकवर किंवा बाहीवर कलाकुसर घ्यावी, म्हणजे पाहणाऱ्याची नजर वर राहते. वरचा त्रिकोण मोठा असेल तर फुग्याची बाही आणि रुंद कॉलर टाळून खाली घेर द्यावा. दोन्ही सारखे आणि कंबर बारीक असेल तर खांद्यापासून खाली येणाऱ्या उभ्या शिवणीचा, म्हणजे प्रिन्सेस कटचा नमुना उत्तम बसतो. मधले टोक दिसत नसेल, म्हणजे अंग सरळ किंवा पोट पुढे असेल, तर कंबरेवर आडवी जोडशिवण नको. छातीखालून सुटणारा नमुना किंवा सरळ कळीदार कुर्ता आरामशीर होतो. एक नियम सर्वांना लागू आहे : आडवी रेघ, लेस किंवा पट्टी जेथे येते तेथे नजर थांबते. नजर कोठे थांबवावयाची हे आपण ठरवावे.

तरीही हे नियम कायदा समजू नयेत. अंगाला शोभणारा कपडा मनाला रुचला नाही तर तो ट्रंकेतच पडून राहतो. आवड ओळखण्याचा माझा उपाय साधा आहे. ईदच्या सर्वांत महागड्या ड्रेसकडे पाहू नका. धुऊन धुऊन विटलेला, तरी पुन्हा पुन्हा हात ज्याच्याकडे जातो तो कपडा काढा. तो जमिनीवर सपाट पसरून मोजा : गळा किती खोल, बाही कोठपर्यंत, उंची किती, घेर किती. नव्या नमुन्याचे आकडे या आकड्यांशी ताडून पाहा. कोणाला बाही मनगटापर्यंत हवी असते, कोणाला ओढणी न सरकणारा बंद गळा हवा असतो, कोणाला खिसा हवा असतो. ही आवड मुलीची असावी. पालकांनी मर्यादा जरूर सांगावी, परंतु मर्यादेच्या आतील निवड तिच्यावर सोपवावी. कमीजचा गळा निवडताना जी मुलगी कारण देऊन बोलावयास शिकते, ती उद्या दहावीनंतरची शाखा निवडतानाही कारण देऊन बोलेल.

आता खर्चाविषयी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ईदचे कापड म्हणजे वर्षाची एकच मोठी खरेदी. ते बिघडले तर घरातले बोलणे मुलीलाच ऐकावे लागते. म्हणून नवा नमुना थेट नव्या कापडावर ठेवू नये. जुनी सुती साडी किंवा चादर घेऊन आधी तीवर कापावे, धावदोऱ्याने जोडावे आणि अंगात घालून पाहावे. हात वर करा, खाली वाका, मांडी घालून बसा. जेथे ओढ बसते तेथे खडूची खूण करा आणि ती दुरुस्ती कागदी नमुन्यावर उतरवा. एक संध्याकाळ जाते, परंतु तो नमुना कायमचा आपला होतो. कोरे सुती कापड कापण्यापूर्वी भिजवून वाळवावे, म्हणजे ते नंतर आटत नाही. कापडाचा पन्हा पाहूनच कापड घ्यावे. ४४ इंची पन्ह्यात बसणारा नमुना ३६ इंचीत बसेलच असे नाही. होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडासाठी काढलेला नमुना साध्या सुती कापडावर वापरू नये, तो अंगात चढणारच नाही.

आणि पालकांनो, वाढत्या मुलांच्या कपड्यात बाजूच्या शिवणीला एक इंच आणि खालच्या दुमडीला दोन-तीन इंच कापड आत सोडावयास शिंप्याला आवर्जून सांगा. सहा महिन्यांनी ती टीप उसवून पुन्हा घातली की मुलगी वर्षभर मोकळेपणाने हात वर करू शकते.

शेवटी संस्थेला एक विनंती. शिवणवर्गात नमुन्यांची एक पेटी असावी. २८ ते ४० इंच छातीपर्यंतचे साध्या कमीजचे मूळ खाके जाड तपकिरी कागदावर कापून, माप लिहून त्यात ठेवावेत. ग्रंथालयातून पुस्तक नेतात तसा खाका नोंद करून घरी न्यावा, दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावा आणि परत करावा. याला कागद आणि चार दिवसांची मेहनत एवढाच खर्च आहे. नववीच्या मुलींनी मनावर घेतले तर हे काम येत्या सुट्टीत होईल. आखणीत गणिताचीही उजळणी होईल. मुलांनी कागद कापण्यास बसावे, मीही बसेन.